निळ्या दगडाच्या भट्टीची हकीकत

श्रीअग्निनारायण समर्थ. धरणीने पोटी जे जे झाकोन ठेविले त्यास नमस्कार करोन लिहितो ऐसीजे. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरी, एके राज्यी पूर्वेचे डोंगरात निळा दगड निघाला, ज्यास पुढील काळी कायनाइट म्हणो लागले. सुरीने उभा ओरखडावा तर ओरखडे, आडवा ओरखडावा तर सुरीच बोथट होय, ऐसा हट्टी. त्या समयी गनीम सरहद्दीस भिडला होता आणि ओतीव लोखंडाची थोर तोफ हवी होती, आणि मातीचे विटांची भट्टी त्या धगीपुढे वितळोन बसे. मग तोफखान्याचे ओतारी म्हाकोजी यांनी निळा दगड आगीत टाकोन पाहिला, तो वितळेना. महाराज बहुत संतोषी जाहले आणि बोलिले, "निळा तो आमचे निशाणाचा रंग. सारी भट्टी निळी बांधणे." तैसीच बांधिली. आणि धग चढली, आणि दगड फुगो लागला, आणि भिंत फुटोन लोखंडाचा रस अंगणी धावला. भाता ओढणारा लाडू भोई पायाने अधू जाहला. रसाचे तोंडाशी म्हाकोजीचा धाकटा भाऊ जोत्याजी होता, तो थोडक्यात वाचला.

तेव्हापासोन म्हाकोजीचा जीव थाऱ्यावर नाही. घास अर्धा टाकोन उठे आणि पडक्या भट्टीचा ढिगारा उपसे. त्यात पांढरे पडलेले दगड सापडले. ते फिरोन आगीत घातले, ते तिळमात्र हलेनात. मग उमगले की, हा फुगतो तो एकदाच. आधी भाजावा, कुटावा, मग मातीत कालवोन विटा पाडाव्या. परंतु भाजता निळाई जाते. हे कारभारी अवधूतराव, जे महाराजांचे मेहुणे, त्यांचे कानी घातले. ते कडाडले, "महाराज मुहूर्तास येणार, त्यांस काय चुना दाखवू? निळीच बांध!"

म्हाकोजीने मान हलविली आणि पांढरीच बांधिली.

मुहूर्ताचे दिवशी महाराज आले आणि भट्टी पाहोन लाल जाहले. "निळाई कोठे?"

म्हाकोजी हात जोडोन बोलिला, "सरकार, पाडतो, निळी बांधतो. परंतु आम्हा ओताऱ्यांत रिवाज आहे, तो मागील खेपेस मोडिला. भट्टी ज्याचे शब्दाने उभी राहते, त्याचे घरचे माणूस रसाचे तोंडाशी उभे राहते. पांढरी माझे शब्दाने आहे, माझा भाऊ उभा आहे. निळी हुजुरांचे शब्दाने होईल. मग हुजुरांचे घरचे कोण?"

महाराजांची दृष्टी मेहुण्यांकडे गेली आणि सर्वांचीच गेली. अवधूतराव घाम पुसोन म्हणाले, "पांढराही... शुभच असतो."

मग आग पेटली. आता म्हाकोजीस अधिकच भय, की बोल आपला आणि जीव भावाचा. जोत्याजीने पहार घेतली आणि भट्टीचे मातीने बुजविलेले तोंड फोडिले. म्हाकोजीने पाठ फिरविली, डोळे मिटले, मग राहवेना म्हणोन वळला. रस नीट साच्यात उतरत होता आणि भिंत जैसीची तैसी.

"दादा, भट्टी टिकली की रं!" जोत्याजी ओरडला. आणि म्हाकोजी राखेतच मटकन बसोन रडला.

तोफ सरहद्दीस गेली आणि गनीम माघारा फिरला. त्या दगडाच्या सोनारांनी सोने वितळविण्याच्या मुशी केल्या, काचवाल्यांनी भट्ट्या केल्या, आणि डोंगर निम्मा जाहला. हुजुरांनी म्हाकोजीस मानाची वस्त्रे आणि कडे दिले. ते त्याने त्याच पावली लाडू भोयाचे घरी नेऊन ठेविले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. लाडू आतोन बोलिला, "ये. पण पाय बघू नको." इतकेच घडले, ते लिहिले.