ग्वेनबाईंची तपासणी

ग्वेनबाई कुणालाही भेटल्या की आधी जीभ बघत, मग नाव विचारत.

मी परदेशात, मॉसन लेक्सच्या युनिला म्हणजे तिथल्या विद्यापीठात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. जवळच एका जुन्या घरात आम्ही तिघं राहायचो: मी, मंदार आणि नीलेश. शेजारी ग्वेनबाई एकट्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. पहिल्याच दिवशी मी कचऱ्याची बिन आत घेत होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "जीभ काढ." मी काढली. परक्या देशात नवीन असताना माणूस कुणाचंही ऐकतो.

"नो वरीज," त्या म्हणाल्या, "पण तू भाज्या खात नाहीस. आता नाव सांग."

त्यांचं 'नो वरीज', म्हणजे 'काळजी नको', ऐकलं की आधी काळजीच वाटायची, कारण त्यामागून 'पण' हमखास यायचा.

महायुद्धानंतरच्या वर्षांत त्या नर्स म्हणून शहरातल्या शाळाशाळांतून डॉक्टरांबरोबर फिरायच्या. हॉलमध्ये बनियनवर पोरं रांगेत उभी. दात, घसा, डोळे, कान, पाठीचा कणा, केसांतल्या उवा, सगळं बघून प्रत्येकाचं कार्ड भरायचं. नोकरी संपून पंचवीस वर्षं झाली, तरी कार्डं संपली नव्हती. त्यांनी आमचीही भरली. माझ्यावर 'पोक. बॅग एकाच खांद्यावर.' मंदारवर 'दोन दाढा किडलेल्या, उत्तरं उडवाउडवीची.' तेव्हापासून मंदार त्या दिसल्या की तोंड घट्ट मिटून नुसता हात हलवायचा.

नीलेशचं मात्र आमच्याशीच जमत नव्हतं. हाक मारली तर ओ नाही. भांडी घास म्हटलं तर खिडकीबाहेर बघत बसायचा. लेक्चरला शेवटच्या रांगेत. दोन विषयांत नापास झाला. आम्ही त्याला शिष्ट ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी ग्वेनबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. नीलेश केक खात होता. त्या त्याच्या मागे गेल्या, मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या उजव्या कानाशी धरलं. तो खातच राहिला. डाव्या कानाशी धरलं, तसा दचकला.

"नो वरीज," त्या हळूच म्हणाल्या. या खेपेला 'पण' आला नाही.

नीलेशनं मान खाली घातली. "लहानपणी कान फुटायचा. घरचे म्हणाले, तिकडे कुणाला बोलू नकोस, व्हिसाची भानगड होईल."

सोमवारी त्याला बसनं डॉक्टरकडे त्याच घेऊन गेल्या. कानाच्या पडद्याला भोक होतं. ऑपरेशन पुढे करता येईल, तोवर वर्गात पहिल्या रांगेत, उजव्या कडेला बसायचं, म्हणजे चांगला डावा कान शिकवणाऱ्याकडे राहील, असं ठरलं. मंदारनं आणि मी आठवडाभर न सांगता भांडी घासली.

सेमिस्टरचा रिझल्ट लागणार त्या दिवशी मी त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो. विचारलं, "तुम्ही ओळखलंत कसं?"

"मॉरीन नावाची मुलगी होती, सात वर्षांची," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या बाई म्हणायच्या, हट्टी आहे. शेवटची चार-पाच पोरं उरली होती आणि आम्हाला ट्राम गाठायची होती. मी कान न तपासताच कार्डावर 'हट्टी' लिहिलं. पुढच्या तपासणीत कळलं, तिला एका कानानं ऐकूच येत नव्हतं. तोवर वर्षभर पट्टीचा मार खात होती."

"मग?"

"माफी मागायला तिच्या घरी गेले. शेजारी बसून सॉरी म्हटलं. ती बिस्किट खात राहिली. मी चुकीच्या बाजूला बसले होते. परत म्हणायचा धीर झाला नाही."

तेवढ्यात नीलेश रिझल्टचा कागद घेऊन फाटकातून आत आला. ग्वेनबाई उठल्या, वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सावकाश वाच. सगळे विषय वाच."