एकच्या बाजूची कारणं

आपल्याच मताचा माणूस भेटला की ज्याचा चेहरा पडतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा गजूदादा. माझा चुलतभाऊ.

"सायकलीले समोर दातेरी चाक किती पाहिजे, एक का दोन?" हा प्रश्न त्याने ज्याला विचारला नाही असा माणूस पिपरी मेघेत मिळणं कठीण. दूधवाल्याला विचारला, विजेचं मीटर वाचायला आलेल्याला विचारला, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात गुरुजींना मंत्र थांबवून विचारला. समोरचा "दोन" म्हणाला, की दादा हिरमुसून "हं" करायचा आणि चालू लागायचा. "एक" म्हणाला, की खिशातून कागद काढून "काऊन?" म्हणून कारण विचारायचा आणि तो माणूस जे बोलेल ते लिहून घ्यायचा. गुरुजी म्हणाले, "परब्रह्म एकच आहे." तेही लिहून घेतलं.

गंमत अशी, की दादा स्वतः पक्का दोनवाला.

आणि दोनवाला म्हणजे नुसता सायकलीपुरता नाही. पॅन्टला पट्टा असूनही तो वरून सुतळी बांधायचा. एक घड्याळ मनगटावर, दुसरं खिशात. घराची एक किल्ली गळ्यात आणि एक मेथीच्या वाफ्याशेजारी दगडाखाली, हे सगळ्या पिपरीला माहीत. विहिरीवर मोटारी दोन. एक चालायची, दुसरी तिच्याकडे बघत बसायची. कोणी हसलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "हासून राह्यला बे? एक गेला तं?"

त्याचा धाकटा भाऊ सुरेश अगदी उलटा. सेवाग्रामच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. एक पेन, एक रुमाल, एक चप्पल. ती झिजून पायाचं हाड दिसायची वेळ आली की मग दुसरी. दादाच्या "एक गेला तं?"वर त्याचंही उत्तर ठरलेलं, "दादा, एकच नीट सांभाळत जाय ना."

दादानं लग्न केलं नाही. तो भाजीपाला पिकवायचा आणि सुरेशच्याच घरात राहायचा. लहानपणी दोघांत एक सायकल होती. पालक-मेथीची पोती लादून दोघं वर्ध्याच्या बाजारात जायचे. एक जण चालवायचा, दुसरा मागून पोतं धरून पळायचा. अर्ध्या रस्त्यात अदलाबदल. पन्नाशी उलटल्यावर सुरेशनं एकदा मोबाइलवर एक सायकल पाहिली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र जाड. डांबरावर पळते आणि कच्च्या वाटेवरही डगमगत नाही. नाव ग्रॅव्हल बाईक.

"म्हंजे पांदणीची सायकल म्हन ना," दादा म्हणाला. शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेला आमच्याकडे पांदण म्हणतात, आणि पांदण म्हटल्यावर दादाला ती सायकल लगेच घरचीच वाटली.

बेत ठरला. दोघांत पुन्हा एक सायकल घ्यायची आणि पांदणी-पांदणीनं कारंजा घाडग्याला बहिणीकडे, म्हणजे ताईकडे जायचं. एकानं सायकल चालवायची, दुसऱ्यानं ॲक्टिव्हावर केळी आणि पाणी घेऊन मागून यायचं. अर्ध्या रस्त्यात अदलाबदल. तयार सायकल मनासारखी मिळेना, म्हणून सुट्या भागांतून बांधायची ठरली. नागपूरहून सांगाडा आला, चाकं आली, हँडल आलं. सांगाडा सुरेशच्या खोलीत खुंटीवर टांगला गेला. फक्त पायडलजवळचं दातेरी चाक राहिलं. एक लावायचं की दोन?

तिथे गाडी अडली ती अडलीच.

रोज संध्याकाळी ओट्यावर भांडण. मी माझं स्टेशनरीचं दुकान बंद करून ऐकायला जायचो. माझा सायकलीशी संबंध दर दिवाळीनंतर पोट कमी करायचा निश्चय करण्यापुरता, तरी ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं.

"दोन असले तं लहान चाकावर घाट चढता येते," दादा म्हणायचा, "अन् मोठ्यावर डांबरी सडक कापता येते."

"आपल्या इकडं घाट कुठं आहे? चढ म्हटला तं रेल्वेचा उड्डाणपूल!"

"अन् कारंज्याच्या अलीकडचा?"

"त्या एका चढासाठी जन्मभर दुसरं चाक वागवू का? दोन लावले की चेन इकडून तिकडं सरकवाले वेगळी पट्टी आली. त्या पट्टीत पांदणीची काळी माती शिरली की झाली भाकर. बस मंग काडीनं कोरत."

"काडी मी दोन घेतो सोबत!"

असं ते दीड वर्ष चाललं. एकदा मी कंटाळून म्हणालो, "अरे, चिठ्ठी टाका ना." दोघांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो.

मग त्या उन्हाळ्यात सुरेशला लकवा मारला.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डोळे उघडे असायचे, पण त्यात कोणी नसायचं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "यांच्याशी बोलत राहा. उत्तर द्यायला लावा. पडून राहू दिलं तर आतल्या आत मिटत जातील." सुनंदावहिनी, सुरेशची बायको, दिवसभर बोलायची. ताई कारंज्याहून येऊन आठ दिवस राहिली. मी विनोद सांगितले. माझ्या विनोदांवर धडधाकट माणसं हसत नाहीत, तो बिचारा काय हसणार?

एका सकाळी दादा त्याच्या खोलीत सांगाड्यावरची धूळ पुसत होता. पुसता पुसता आपल्याशीच पुटपुटला, "मी तं आता दोनच लावून टाकतो."

आणि सुरेशच्या डाव्या हाताचं एक बोट चादरीवरून वर आलं.

एक.

वहिनी सांगते, दादा फडकं हातात घेऊन तसाच खाली बसला.

त्यानंतर दादाची ती गावभर विचारणा सुरू झाली. बोटाचं मला माहीत होतं, पण त्याचा विचारणेशी संबंध काय, ते मला कळलं नाही. मला वाटलं, दादाचं डोकं फिरलं. भाऊ अंथरुणावर, आणि याचं आपलं एक का दोन, एक का दोन! रोज संध्याकाळी त्या खोलीतून दादाचा चढलेला आवाज यायचा. आजारी माणसाशी कोणी असं भांडतं का? आमच्या घरात भांडणं मिटवायचं खातं माझ्याकडे आहे, म्हणजे मीच ते घेतलेलं आहे. एके दिवशी दादा शेतात गेलेला बघून मी सुरेशजवळ जाऊन बसलो. त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो,

"सुरेश, तू जिंकला. दादा एकवर तयार झाला. आता एकच चाक लावणार. निश्चिंत राह्य."

सुरेशनं माझ्याकडे पाहिलं. 'एक' ऐकताच वर आलेलं बोट हळूच खाली गेलं. त्यानं डोळे मिटले.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज एक चांगलं काम केलं." तिनं लसूण सोलता सोलता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी केलं? मंग एकदा तपासून पाहा."

चौथ्या दिवशी भर दुपारी दादा दुकानात आला. कमरेला सुतळी नव्हती.

"तू काय सांगतलं त्याले?"

मी अभिमानानं सांगितलं. दादा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला.

"तीन दिवस झाले, बोट उचलत नाई तो. भिताडाकडे तोंड करून पडला आहे. कालपासून पाणी बी नीट घेत नाई."

"पण दादा, त्याच्या मनासारखंच तर..."

"मनासारखं झालं ना! मंग आता बोट उचलून काय करन तो?"

दादानं खिशातून तो कागद काढला. घड्या पडून पडून मऊ झालेला.

"हे पाह्य. दोनचे कारणं माह्याजवळ पोत्यानं आहेत. एकचे कारणं त्याच्याजवळ होते, अन् त्याचं तोंड बंद. मंग त्याचं म्हणनं कोण आणन? मी गावातून आणतो. त्याले इचारतो, हे तुह्यं म्हणनं होय का? असलं तं बोट उचलते. मंग मी त्याले उलटा बोलतो. मंग तो पुन्हा उचलते." दादानं कागदाची घडी नीट केली. "मागच्या हप्त्यात रागानं दोनदा उचललं होतं. रागानं, दिनू. माह्या भावाले राग आला होता."

मी दुकान तसंच टाकून त्याच्यासोबत गेलो. दादा खोलीत शिरला तोच ओरडत, "ऐकलं का रे सुरेश? हा दिनू एक नंबरचा खोटारडा आहे! मी कायचा तयार होतो? मेलो तरी एक नाई लावत! दोनच लावीन! उद्याच लावीन!"

सुरेश भिंतीकडे तोंड करून पडलेला. दादा ओरडतच राहिला, काळ्या मातीवर, घाटावर, माझ्या खोटारडेपणावर, माझ्या दुकानातल्या न उमटणाऱ्या पेनांवर. वहिनी दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग चादर जराशी हलली. बोट थरथरत, अर्धवट, पण वर आलं.

दादानं लगेच आवाज आणखी चढवला. तो माझ्याकडे वळला नाही, कारण त्याचे डोळे मी बघावेत असं त्याला वाटत नव्हतं. इतक्या आनंदानं मी कधी शिव्या खाल्ल्या नाहीत.

शिक्षा म्हणून मला रोज एकच्या बाजूचं एक कारण आणायचं होतं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागलो. गिऱ्हाईक वही मागायचं, मी दातेरी चाकाबद्दल विचारायचो. बायको म्हणाली, "दोघंही गेले कामातून." कारणं संपली तेव्हा मी स्वतःच एक बनवलं: "एक असलं तर पुसायला कमी." ते ऐकून सुरेशच्या ओठाचा डावा कोपरा जरासा हलला. दादा मला बाहेर सोडायला आला आणि म्हणाला, "उद्या असंच एखादं बिनकामाचं आणजो."

असे वर्षभर गेले. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सुरेशला दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही.

नंतर दादानं कोणालाच काही विचारलं नाही. "एक गेला तं?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून त्यानंतर ऐकलं नाही. भाजी पिकवायचा, बाजारात न्यायचा, येऊन ओट्यावर बसायचा. मी जाऊन शेजारी बसायचो. मला बोलता पुष्कळ येतं, पण तिथे काय बोलावं ते कधी आलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस पाहिलं, तर सायकल बांधून अंगणात उभी. मी वाकून बघितलं. दातेरी चाक एकच.

"शेवटी त्याचंच बोट वर होतं," दादा म्हणाला आणि घरात गेला.

जानेवारीत एका पहाटे त्यानं मला उठवलं. "ताईकडे जाऊन राह्यलो. ॲक्टिव्हा काढ. केळी घेतली आहेत." बस, एवढंच. मी कानटोपी घालून मागे निघालो. दादा पुढे, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांमधल्या पांदणीनं. मध्ये एका ठिकाणी कालव्याचं पाणी फुटून नुसता काळा चिखल झाला होता. माझी ॲक्टिव्हा दोनदा रुतली, सायकल अलगद निघून गेली. दादा मागे वळून बघायचा, मी आहे याची खात्री करायचा आणि पुढे जायचा. अर्ध्या रस्त्यावर त्याला सवयीनं थांबावंसं वाटलं असावं. पाय टेकला, सायकल माझ्याकडे वळवली. मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा तोच बसला.

कारंज्याच्या अलीकडे तो चढ आला. कोकणातला माणूस त्याला घाट म्हणणार नाही, पण आम्हाला पुरतो. दादा अर्ध्यापर्यंत उभा राहून पायडल मारत गेला. मग सायकल डुलायला लागली. तो उतरला. हँडलवर डोकं टेकून नुसता धापा टाकत राहिला. बाजूनं ट्रक जात होते.

"पाह्यलं?" तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, सायकलीच्या पलीकडच्या मोकळ्या रस्त्याकडे बघून. "म्या काय सांगतलं होतं? दोन असते तं चढलो असतो. सांगतलं होतं का नाई?"

दादा उत्तराची वाट बघत उभा होता. खरंच वाट बघत होता.

एकदा याच भांडणात तोंड घालून मी काय करून बसलो होतो, ते मी विसरलेलो नव्हतो. तरी म्हणालो,

"पण दादा, चिखलात चेन अडली का एकदा तरी?"

त्याची पाठ ताठ झाली. तो वळला नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा चुकलं.

"नाई अडली," तो म्हणाला. नाक ओढलं, बाहीनं तोंड पुसलं. मग वळला. "पण चेन नाई अडली म्हणून माणूस घाट चढते का बे?"

"उतरून चढतेच ना."

"त्याले चढनं म्हणते का? त्याले चालनं म्हणते!" कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज चढला होता. "मातीचं सांगतो मले! मातीचं कारण तं त्याचं जुनंच आहे. तुह्यं काय आहे ते सांग!"

मी ॲक्टिव्हा बंद केली आणि ती ढकलत त्याच्या बाजूनं चालायला लागलो. माथा अजून लांब होता. माझ्याजवळ एकच्या बाजूची, त्याला अजून न सांगितलेली, तीन कारणं शिल्लक होती. ती मी पुरवून पुरवून वापरली.