लाल चिंधीचे दोडके

चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेल्या जयसिंगरावांच्या तपासणीला घरात कुणी भीक घालत नसे. त्यामुळे दोन दिवस लेकीकडे निगडीला जाताना बायकोने, चतुराबाईंनी, गच्चीवरची बाग त्यांच्यावर सोपवली, तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली. काम सोपं होतं. थंडीतलं जे संपलंय ते काढायचं, माती मोकळी करायची आणि उन्हाळ्याची गवार-भेंडी लावायची.

रविवारी ते सकाळीच कामाला लागले. उरलेले कोबीचे गड्डे काढले, फुलावर आलेली मेथी उपटली आणि सुतळी ताणून, पट्टीने अंतर मोजून गवारीचं बी टोकलं. एवढ्या सरळ ओळी चिखलीत कुणाच्या गच्चीवर नसतील, असं त्यांनी स्वतःलाच सांगून टाकलं. शेवटी ते दोडक्याच्या वेलापाशी आले. वेल वाळत आला होता. त्यावर खडखडीत झालेले तीन दोडके लटकत होते आणि प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती.

जयसिंगराव खूश झाले. कंपनीत नको असलेल्या वस्तूला लाल टॅग लावतात आणि टॅग लागला की ती वस्तू बाहेर जाते, मग साहेब का आडवा येईना. बायकोने न शिकवता ही पद्धत उचलली, याचा त्यांना अभिमानच वाटला. त्यांनी वेल मुळासकट काढला. दोडके टाकवेनात, म्हणून आतली जाळी अंग घासायला होईल असा विचार करून ते खालच्या मजल्यावरच्या सुरय्याला नेऊन दिले.

सोमवारी संध्याकाळी चतुराबाई थेट गच्चीवर गेल्या. गवारीच्या ओळींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"माझे चिंधीवाले दोडके कुठं हायेत?"

"रिजेक्ट होते ना? काढले."

"रिजेक्ट कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. लाल टॅग लावलेलास."

चतुराबाई पालथ्या बादलीवर बसल्या. ते दोडके बियाण्यासाठी राखलेले होते. त्यांच्या माहेरी राखणीच्या फळाला चिंधी बांधतात, ती कुणी हात लावू नये म्हणून. हे बी त्यांच्या आईने दिलेलं, आई गेल्याला अठरा वर्षं झाली होती आणि दर साली तेच बी पुढे चालत आलं होतं. यंदा डबीत एक दाणाही उरला नव्हता. त्यांना रडूच आलं. जयसिंगरावांची बावीस वर्षांची क्वालिटी त्या क्षणी पार पातळ झाली.

"कुठं टाकले?" चतुराबाईंनी डोळे पुसत विचारलं.

सुरय्याला दिल्याचं ऐकून त्या आणखीच खचल्या. सुरय्या सहा वर्षं या बियांसाठी मागे लागली होती आणि चतुराबाई दर वेळी ‘बी उंदरांनी खाल्लं’ असं सांगून मोकळ्या होत होत्या. आता त्या बाईच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? जयसिंगराव म्हणाले, दिलेला माल परत आणायला कसली आलीय लाज, मी जातो. त्यांनी चप्पल घातली तोच सुरय्या स्वतःच वर आली, हातात खिरीची वाटी घेऊन.

"भाभी, काय बोलू? भाऊ म्हणाले घासायला घे, पण चिंधी बघून मी समजले. आमच्या अम्मीपण बियाण्याला अशीच बांधायच्या. तुम्ही आईचं बी चिंधीसकट पाठवलंत. इतकं तर सख्खी बहीण करत नाही."

तिचे डोळे भरून आले होते. चतुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते गवारीकडे पाहत होते. खरं सांगावं तर समोरच्या बाईचा आनंद मोडणार, न सांगावं तर आईचं बी जाणार. चतुराबाईंना आपल्या सहा वर्षांच्या उंदरांची मनापासून लाज वाटली.

"अगं, त्यात काय एवढं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मूठभर निघालं. नीट सुकवून ठेवलंय," सुरय्या म्हणाली. "तुम्हाला कधी लागलं तर मागा भाभी. संकोच नाही करायचा."

चतुराबाईंनी खिरीची वाटी हातात घेतली आणि घसा साफ केला.

"मग आत्ताच दे ना दहा-बारा."