व्यंकटकाकांची पावडर

व्यंकटकाकांच्या घरी येणाऱ्याला आधी पाणी मिळायचं नाही, पावडर मिळायची. बरकतपुऱ्यातल्या त्या घराच्या फाटकापाशी काका एक जुना मोजा घेऊन उभे राहायचे. मोज्यात कोंबड्यांवरचे किडे मारायची भुकटी. पाहुण्याच्या चपलांवर मोजा आपटायचा, पांढरा धूर निघायचा आणि मग "या, बसा." कुणी तोंड वाकडं केलं तर एकच उत्तर, "रिस्क नक्को."

मी तिथे आले ती इंदूकाकूंना सांभाळायला. जिन्यावरून पडल्यापासून काकूंचं मानेखालचं अंग गेलं होतं. माझी शाळा सातवीतच सुटलेली, गाव परभणीकडचं, इथे ओळखीचं कुणी नाही. काकांनी मला मागची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी स्वतः स्टुलावर चढून पंखा बसवला. ते उपकार मी विसरणार नाही. हे घर सुटलं तर जायचं कुठे, ही धास्ती मला रोज उठल्या उठल्या वाटते. त्यामुळे माझ्या चपलांवर मोजा आपटला तेव्हा मी पाय आणखी पुढे केले.

सगळा खटाटोप काकूंच्या कोंबड्यांसाठी होता. काकूंच्या माहेराहून, बीदरकडून, टोपलीत आलेल्या एका कोंबडीच्या त्या लेकी-नाती. काका अंड्याला शिवत नव्हते आणि कोंबड्यांना "तुझी माहेरची मंडळी" म्हणायचे. "तुझी माहेरची मंडळी आज तुळशीत हगली," असा रोजचा अहवाल काकूंना जायचा. काकू पडल्या पडल्या हसायच्या. त्यांच्या खिडकीतून फक्त आभाळ दिसायचं, पण खिडकीखालीच खुराडं होतं. कुठली ओरडली, ठिपक्याठिपक्यांच्या कबरीनं अंडं घातलं की दुसरीनं, कुणी कुणाला टोचलं, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. दिवस त्यावरच चालायचा त्यांचा.

या मंडळींना पिसवा झाल्या. आम्ही पिसवा म्हणायचो, पण ते बारीक लाल किडे होते. दिवसा लाकडाच्या फटीत बसायचे, अंधारात कोंबडीचं रक्त प्यायचे. काकांनी लढाई पुकारली. दर रविवारी डोक्यावर हेल्मेट, काच खाली, हातात मोजा. एकेकीला पायाला धरून उलटी करायची, पंखाखाली, शेपटीखाली पावडर थोपटायची. शेजारची खाला, म्हणजे गल्लीची मावशी, भिंतीवरून विचारायची, "काका, शादी में ले जारे क्या इनकू?" कोंबड्यांनी हेल्मेटचा इतका धसका घेतला की पार्सलवाला पोरगा हेल्मेट घालून फाटकात आला तरी सगळ्या भिंतीवर चढून बसायच्या.

किडे मात्र हटेनात. काका कोंबड्यांना माखायचे आणि फटी तशाच राहायच्या.

एके सकाळी काकूंचं तोंड पुसताना त्यांच्या मानेवर लाल ठिपके दिसले. ठिपके चालत होते. रात्रभर काकूंना खाज सुटली होती आणि हात हलत नव्हता. मला त्रास नको म्हणून त्यांनी हाक मारली नव्हती. काकांनी ते पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, खुराडं लांब हलवा, नाहीतर कोंबड्या देऊन टाका. काकांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. आत येऊन मला म्हणाले, "लांब नेलं तर हिनं दिवसभर ऐकायचं काय? माझा खोकला?"

त्याच दुपारी ते अफझलगंजच्या बाजारात गेले. दुकानदारानं पुन्हा तीच कोंबड्यांची पावडर पुढे केली. काकांनी ती परत सारली. त्यांच्या वडलांच्या शेतात कापसावर एक भुकटी मारायचे, अळी जागच्या जागी पडायची. काकांनी तसली मागून घेतली. दुकानदार जनावराला लावू नका म्हणाला, हेही त्यांनीच मला सांगितलं, वर हसून. म्हणे, त्याला काय कळतं, शेत बघितलंय का त्यानं?

त्यांनी मंडळींना माखलं. ज्या राखेच्या खड्ड्यात त्या लोळायच्या, त्या राखेतही भुकटी कालवली. एक किडा सुटू नये म्हणून संध्याकाळी खुराड्याला वरून गोणपाट बांधलं.

सकाळी गोणपाट काढलं तेव्हा एकही उठली नाही. माना वळलेल्या, चोची उघड्या. काकांनी परसात खड्डा खणला आणि सगळ्यांना पुरलं. तेवढा वेळ हेल्मेट डोक्यावरच होतं, काच खाली. मला त्यांचं तोंड दिसलं नाही.

सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, माती उकरून टाका, या परसात एवढ्यात नवं पाखरू आणू नका. काकूंना काकांनी सांगितलं, पावडर लावून मंडळी खालाकडे ठेवलीत, आठवडाभरात येतील. काकू बरं म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या मला सारखी वेळ विचारायला लागल्या. घास तोंडात तसाच धरून ठेवायच्या. मला भीती वाटायला लागली होती. खोली जाण्याची नव्हे, काकूंच्या जिवाची.

मग एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत असताना खिडकीखालून आवाज आला. कॉक्, कॉक्, कॉकॉक. माझ्या हातातला कंगवा थांबला. मी मागच्या दारातून पाहिलं. काका पालथ्या बादलीवर बसले होते, दोन्ही हात तोंडाभोवती धरलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला पाहूनही ते थांबले नाहीत.

मी आत आले. काकू छताकडे बघत होत्या. खिडकीकडे तोंड करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आली वाटतं मंडळी. कबरीनं आल्या आल्या घातलं की."

बाहेर बादली सरकल्याचा आवाज झाला. मग पुन्हा सुरू झालं.

काकूंनी मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. "अंडं घातल्यावर कोंबडी असं ओरडत नाही गं," त्या हळू म्हणाल्या. "मांजर दिसलं की असं ओरडते. त्यांना सांगू नको. केस राहू दे, तू जाऊन त्यांच्याजवळ बस."