संत्र्यातली कोंबडी

स्वयंपाकात अवघड असं काही नसतं, हे माझं ठाम मत होतं. ‘होतं’ असं आता म्हणतो. त्या रविवारी दुपारी साडेचार वाजेपर्यंत मी ते भेटेल त्याला ऐकवत होतो!

मी रिसोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. अकरा वर्षं पोरांसमोर प्रयोग करतोय. आजवर एकही नळी फुटली नाही. “ज्या माणसाला ऑक्सिजन तयार करता येतो, त्याला कोंबडी करता येणार नाही?” असं मी योगिनीला, म्हणजे बायकोला, विचारलं.

“ऑक्सिजनमंधी मीठ कमी पडलं तं कोनी ताटावरून उठत नाई,” ती म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण दिवस अभिमानाचे होते. योगिनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नागपूरच्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. दोन वर्षं ती या निवडीची वाट पाहत होती. होकार सोमवारी कळवायचा होता. आणि ऐनवेळी रिठदहून तिच्या आईबाबांचा, म्हणजे माझ्या मामा-मामींचा फोन आला.

मामी, कस्तुराबाई, म्हणाल्या, “जाय तू बिनधास. जवाईबापूले सैपाकाचं काईच येत नाई, उपाशी मरतीन. मी येतो तीन महिने तिथी राह्यले.”

मागून मामाजींचा, जानरावांचा, आवाज आला. “आन् मी काय खाऊ? मले तं चहाबी करता येत नाई! त्यापेक्षा पोरीनं जाऊच नये नागपूरले!”

झालं! आई आली तर बाप उपाशी, आई नाही आली तर नवरा उपाशी. दोन धडधाकट पुरुषांच्या पोटांपायी योगिनीचं नागपूर बुडत होतं. तिनं ट्रेनिंगचं पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. मला ते बघवलं नाही. मी फोन हातात घेतला.

“मामी, रविवारी संध्याकाळी दोघं जेवायला या. मी एकटा रांधतो. जेवण पसंत पडलं तर योगिनी नागपूरला आणि तुम्ही रिठदला. नाही पडलं तर तुम्ही म्हणाल तसं!”

“येतो,” मामी म्हणाल्या. “पन बॅग भरूनच येतो.”

मामी स्वभावानं लाख चांगल्या. पण पहाटे साडेचारला उठतात आणि उठल्यावर दुसऱ्यानं झोपलेलं त्यांना पाहवत नाही. तीन महिने! म्हणजे या परीक्षेत योगिनीचं नागपूर होतं आणि माझी झोपही होती.

पदार्थ मी मोबाइलवर शोधला. एका बाईनं एकाच पसरट भांड्यात, हसत हसत, वीस मिनिटांत कोंबडी केली होती. आधी तुकडे तेलात लालसर परतायचे आणि काढून झाकून ठेवायचे. मग त्याच भांड्यात लसूण, संत्र्याचा रस, जराशी साय. दाटसर झालं की तुकडे परत आत सोडायचे. संपलं! ना वाटण, ना खोबरं भाजणं, ना डोळ्यांतून पाणी. आणि संत्री तर दारात! मानोऱ्याकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दिवाळीनंतर अर्धं पोतं आणून टाकलं होतं.

“कोंबडी अंगनातल्या चुलीवर हो!” रविवारी दवाखान्यात जाताना योगिनीनं बजावलं. “आन् तिच्या वेगळ्या गंजात. आईनं इचारलं तं?”

हा आमच्याकडचा जुना नियम. कोंबडी खायची सगळ्यांनी, मामींनीसुद्धा, चवीनं. पण ती घराच्या आत शिजायची नाही आणि घरच्या भांड्यात तर मुळीच नाही. तिचा एक वेगळा जर्मनचा गंज, म्हणजे अल्युमिनियमचं खोल पातेलं, असतो, बाहेर खिळ्याला टांगलेला, वर्षानुवर्षं चुलीवर बसून काळाठिक्कर झालेला.

अंगणाचं मी पाळलं. गंजाचं मात्र जमेना. तो हातभर खोल! त्या बाईचं भांडं पसरट होतं. विज्ञानाच्या माणसानं साहित्यात बदल करू नये. मी स्वयंपाकघरात शोधाशोध केली आणि फळीवर सापडली एक जाड बुडाची, पसरट, लखलखीत स्टीलची कढई, वर झाकणसुद्धा. नंतर घासून ठेवू, कोणाला कळतंय!

साडेचारला चूल पेटवली. आता व्हिडिओतली बाई म्हणते, “आच मध्यम ठेवा.” गॅसला कान पिळायला बटण असतं, कपाशीच्या पऱ्हाट्यांना कुठून आणायचं? जाळ एकदम कमरेएवढा! मी मागे, कोंबडी पुढे. तरी तुकडे छान लालसर झाले. ते ताटात काढले, वर परात झाकली. कढईत लसूण टाकला, सहा संत्र्यांचा रस ओतला, खळखळा उकळी आली. आणि त्या उकळत्या रसात मी योगिनीनं तुपासाठी आठ दिवस साठवलेली साय ओतली. जवळजवळ सगळी!

क्षणभर सुंदर रंग आला. मग मधोमध एक गाठ दिसली. मग दहा. मग सगळी कढई गाठीच गाठी आणि त्यांच्याभोवती पिवळं पाणी!

आंबट पडलं की दूध फाटतं, हा धडा आठवीला आहे. शिकवतो कोण? मीच!

मी हताशपणे ढवळत असताना कुंपणाच्या भिंतीवरून हाक आली. “ऋषीभाऊ!”

शेजारच्या कंचनबाई. दुलीचंदजींचं मेनरोडला कापडाचं दुकान आहे, त्यांच्या मंडळी. जैन घर, कोंबडी सोडा, त्यांच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. चौदा वर्षांचा शेजार आमचा, पण आमच्या चुलीवर कोंबडी चढली की त्या खिडकी लावून घेतात आणि आम्हीही आधी सांगतो. त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं होतं!

“भाऊ, दिवाळीले मुगाचा हलवा पाठवला होता न, ते पसरट कढई द्या ना माही. पाहुणे आले जालन्याचे.”

माझ्या हातातला झारा थांबला. पसरट कढई. जाड बुडाची. स्टीलची. मी खाली पाहिलं. जिच्यात आत्ताच कोंबडी लालसर झाली होती, ती कढई माझ्याकडे पाहत होती.

“का... कढई होय? देतो न.”

“हे काय करून राह्यले?” त्यांनी टाचा उंचावून पाहिलं. पिवळ्या पाण्यातल्या पांढऱ्या गाठी त्यांना दिसल्या, संत्र्याचा वास लागला. “अरे वा! दूध फाडून संत्र्याची बर्फी करून राह्यले काय?”

आता इथे खरं बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “हो!”

“भाऊ, तुमी तं हलवाई निंगाले! पाहुन्याइले दाखवतो न मी. कढईसकट द्या, वाटीभर काढून घेतो आन् बाकी वापस पाठवतो.” आणि भिंतीवरून त्यांनी दोन्ही हात पुढे केले!

पाहा मंडळी, एक खोटं बोललं की माणूस कुठे पोचतो! समोर जालन्याचे पाहुणे, हातात बर्फीच्या नावानं कोंबडीची कढई. त्या हातांनी चौदा वर्षं आम्हाला हलवा दिला होता. मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

“भाभी, ही बर्फी नाही. यात कोंबडी परतली मी. परातीखाली आहे ती. कढई तुमची आहे हे मला माहीत नव्हतं. फार मोठी चूक झाली. नवी आणून देतो, पण तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

कंचनबाईंचे हात भिंतीपलीकडे गेले. पदर नाकाला लागला. मला वाटलं, संपला शेजार.

“भाऊ,” शेवटी पदराआडून आवाज आला, “माह्या हरेक भांड्यावर नाव हाय. बुडाले पाहा. ‘कंचनबाई दु.’ असं कोरलं हाय. आधी नाव तं पाहा!”

बुडत्याला काडी मिळाली! आपल्याकडे भांड्याचा मालक कोण, हे त्यावर कोरलेल्या नावावरून ठरतं. लग्नाकार्यात हजार भांड्यांतून आपली वाटी माणूस अशीच शोधून काढतो. मी फडक्यानं कढईचे दोन्ही कान धरले, चुलीवरून उचलली आणि नाव वाचायला झटकन उलटी केली.

हो. भरलेली!

अर्धं चुलीत, अर्धं माझ्या पायांवर. मी एका पायावर नाचलो, मग दुसऱ्या. चूल विझली, वाफेचा लोट उठला, संत्र्याचा वास थेट मेनरोडपर्यंत गेला असेल. पण कढई मी सोडली नाही. काजळी अंगठ्यानं पुसली. ठिपक्या-ठिपक्यांत नाव उमटलं. ‘क’ दिसला आणि माझा जीव गेला. पुढचं अक्षर दिसलं आणि तो परत आला.

“भाभी, तुमची नाही! तुमची नाही! ‘कस्तुराबाई जा.’ लिहिलंय!”

मी आनंदानं ओरडलो. मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय वाचलं ते.

“माह्या नावानं कायले बोंबलून राह्यले, जवाईबापू?”

फाटकात मामी उभ्या. काखेत बॅग. मागे मामाजी. जीप आज नेमकी अर्धा तास लवकर मिळाली होती!

मामींची नजर माझ्या पायांवरून कढईवर गेली, कढईवरून परातीबाहेर डोकावणाऱ्या तंगडीवर गेली, आणि परत कढईवर आली.

“हे तं माह्या महालक्ष्मीची कढई!” त्या खाली ओट्यावर बसल्याच. “सोळा भाज्यायची! निवदाची! भाद्रपदात तुमच्या घरी ठेवून गेल्ती मी!”

भिंतीपलीकडून कंचनबाई तेवढ्या म्हणाल्या, “रागवू नका बाई. भाऊनं खरं सांगतलं. खोटं बोलले असते तं मी पाहुन्याइले चारलं असतं.” माझी बाजू घेणारं त्या संध्याकाळी तेवढं एकच माणूस होतं. त्यांची कढई मी घरात जाऊन शोधली. पिठाच्या डब्यामागे होती, कोरडी, निष्पाप. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात, म्हणून काठोकाठ संत्री भरून दिली. देण्यापूर्वी नाव वाचलं. संत्री भरायच्या आधी.

परत आलो तर मामी बॅग उघडून साड्या मोजत होत्या. “तीन महिन्याइले पुरतीन,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला डब्याखालचं ते पत्र आठवलं. योगिनी सातला येणार होती. तिला काय सांगायचं?

आणि तेव्हा एक चमत्कार झाला. मामाजींनी बाह्या वर सारल्या.

“सरका जवाईबापू,” ते म्हणाले. फुंकणी घेऊन त्यांनी दोन फुंकांत चूल पेटवली. तीन पऱ्हाट्या ओढून काढल्या, जाळ गुमान खाली बसला! खिळ्यावरचा जर्मनचा गंज उतरवला, तेल, लसूण, दणकून तिखट, परातीतली कोंबडी, दोन संत्र्यांचा रस. शिजल्यावर गंज खाली उतरवला, जरा निवू दिला आणि सायीच्या पातेल्याच्या तळाला उरलेली दोन पळ्या साय वरून फिरवली.

“आंबट न साय संगं उकयत नसते,” ते मला म्हणाले. “हे तं म्हशीलेबी समजते. तुमी मास्तर ना?”

रस्सा केशरी, तुळतुळीत, एकही गाठ नाही! मी थक्क झालो. पण मामी माझ्यापेक्षा जास्त थक्क झाल्या. साडी हातातच राहिली.

“तुमाले सैपाक येते?”

मामाजींची पळी हवेत थांबली. आपण काय करून बसलो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

“अवं... शेतात... दोस्ताइसाठी... कवामवा...”

“कवापासून?”

“लग्नाच्या आधीपासून,” मामाजी पुटपुटले.

“चौतीस वर्स!” मामी उठून उभ्या राहिल्या. “चौतीस वर्स मी तापातबी भाकरी थापली! आन् तुमाले चहा येत नाई?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

योगिनी आली तेव्हा आम्ही चौघं अंगणातच जेवायला बसलो. मामींनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. आम्ही दोघं पुरुष निकालाच्या दिवशीच्या पोरांसारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

“मीठ बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “योगिनी, उद्या हो म्हणून कयव नागपूरले.”

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आन् आई, तू इथी राह्यशीन?”

“मी कायले राहू? सैपाक करनारे दोन मानसं हायत इथी!” मामींनी बॅगेची चेन ओढली. “मी तुह्यासंगं येतो नागपूरले. मावशीकडे राहू दोघी. तीन महिने मले कोनी ‘भाकर टाक’ म्हनून तं पाहा!”

तर सध्या घरात मी आणि मामाजी. ते पहाटे साडेचारला उठतात. ही सवय दोघांनाही आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवसातून एकदा शेतावर चक्कर, बाकी वेळ माझ्या खुर्चीत. स्वयंपाक एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. येते दोघांना मिळून एकच भाजी. कंचनबाईंना आम्ही आता आदल्या दिवशीच सांगतो, म्हणून त्यांची खिडकी बहुतेक बंदच असते. निवदासाठी नवी कढई घेतली आहे आणि तिच्यावर मामींचं नाव मी स्वतः उभं राहून कोरून घेतलं आहे.

जुनी कढई आता कोंबडीची, तिच्या बुडावर नावापुढे तसं कोरलंही आहे. रोज संध्याकाळी नागपूरहून मामींचा व्हिडिओ कॉल येतो. योगिनी हसत मागे उभी असते. मामींचा हुकूम ठरलेला. “जवाईबापू, कोन्त्या कढईत शिजवलं? बुड दाखवा!”

मी दाखवतो. आधी रिकामी करतो, मग उलटी करतो. इतक्या दिवसांत स्वयंपाकातलं एवढंच शिकलोय.