सोळा अपेक्षित मयत

गेल्या वर्षी आमच्या टर्की फोर्क गावात फक्त तेरा माणसं मेली. सहाशे चाळीस वस्तीच्या गावाला हा आकडा शोभून दिसणारा आहे, आणि रविवारच्या प्रार्थनेत पाद्रीबुवांनी त्याबद्दल देवाचे जाहीर आभारही मानले. मागच्या बाकावर ड्वेन ह्रुस्का बसला होता. तोही आभारांत सामील झाला, पण आवाज जरा बारीक काढून.

ड्वेन थडग्यांचे दगड कोरतो. खर्च वजा जाता दगडामागे त्याला हजार डॉलर सुटतात. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मी एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर ट्रकांची वजनं लिहिली, आणि निवृत्त झाल्यावर हाताची सवय जाईना म्हणून ड्वेनची वही लिहितो. तेरा माणसं, तेरा हजार. त्यातला तेरावा दगड गाडीत चढवताना ड्वेनच्या डाव्या जांघेत काहीतरी सरकलं. डॉक्टरांनी सांगितलं, हर्निया.

"आता दगड उचलायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मी काय करायचं?"

"विमा उतरवायचा. मग ऑपरेशन. मग दगड."

नोव्हेंबर होता, सरकारी विमाबाजार उघडला होता. हा बाजार संगणकात भरतो. त्यात वाट चुकते म्हणून सरकारने गावोगावी वाटाडे नेमले आहेत. आमची वाटाडी म्हणजे मार्लिस टिगार्डन. मंगळवारी आणि गुरुवारी ती वाचनालयात, बी-बियाण्यांच्या जुन्या अंकांशेजारी बसते. ड्वेनबरोबर वही घेऊन मीही गेलो.

"पुढच्या वर्षी किती कमावशील?" मार्लिसने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? ज्यांच्या हातात आहे, त्यांनाही ठाऊक नाही."

"अंदाज सांग रे."

"यंदाइतकंच धर. तेरा हजार."

मार्लिसने आकडा घातला. संगणकाने थोडा विचार केला. मार्लिसने चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं.

"ड्वेन, तू गरीब आहेस."

"हे सांगायला यंत्र कशाला हवं? माझा ट्रक बाहेरच उभा आहे."

"तसं नाही. मदत मिळण्याच्या मानाने तू फार गरीब आहेस. साधारण सोळा हजारांच्या वर असशील तर सरकार हप्त्याला हातभार लावतं. खाली असशील तर पूर्ण हप्ता तुझा."

"म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला मदत, आणि नाही त्याला नाही?"

"फार गरिबांसाठी दुसरी योजना आहे. पण ती आपल्या राज्याने घेतलेली नाही."

"मग फार गरिबांनी करायचं काय?"

मार्लिसने पुस्तिका चाळली. पुस्तिकेत यावर काही नव्हतं, तेव्हा तिने मनानेच सांगितलं, "कमी गरीब व्हायचं."

हे ऐकायला सोपं होतं. ड्वेनने सोळा हजार लिहिले आणि आम्ही घरी आलो. आठ दिवसांनी पत्र आलं. 'आपण नमूद केलेलं अपेक्षित उत्पन्न आमच्याकडील माहितीशी जुळत नाही. तीन वाढीव हजारांबाबत नव्वद दिवसांत पुरावा सादर करावा.' ड्वेनने माझ्याच वहीचं पान फाडून पाठवलं: 'अपेक्षित मयत, सोळा.' त्यावर उत्तर आलं की गोषवारा मिळाला, आभारी आहोत. तथापि ग्राहकांची नावं, सह्या आणि सेवेची गरज ज्या महिन्यात भासेल तो महिना, हे रकाने कोरे आहेत.

रकाने कोरे ठेवून कोणाचं भलं झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्वेन पिवळा कागद घेऊन डॉटीच्या हॉटेलात गेला. तिथे खिडकीशी अर्मा फ्लिकिंगरबाई बसल्या होत्या. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, आणि अर्धं गाव त्यांच्या हाताखाली तिसरी पास झालं. ड्वेन दोनदा झाला.

"बाई, पुढच्या वर्षी तुमचा काय विचार आहे?"

"कशाचा?"

ड्वेनने समजावून सांगितलं. बाईंनी हातातला कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, बशीत ठेवला.

"तिसरीत तुला पाढे येत नव्हते, आणि आता माझा आकडा लावतोस होय रे?"

"हर्निया आहे बाई."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"बस इथे." बाईंनी कागद ओढून घेतला. "मार्चमध्ये जमायचं नाही, नातीचं लग्न आहे. ऑगस्टात लोकांना उन्हात काळे कपडे घालायला लावणं बरं नव्हे. सप्टेंबर लिही."

आमच्याकडे शेजाऱ्याने काही मागितलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. चर्चच्या जेवणाला कोण बटाट्याची कोशिंबीर आणणार आणि कोण बीन्स, याची यादी जशी फिरते तशीच ही यादी टेबलांवरून फिरली. व्हर्न स्टकी म्हणाला, "जून सोडून कधीही. जूनमध्ये माझा गहू असतो."

"जुलै लिहू?"

"जुलैत कोण आहे? हॅरल्ड? मग मला नको. चाळीस वर्षं त्याचं कुंपण माझ्या जमिनीत आहे. निदान मरताना तरी वेगळा महिना द्या."

मला फेब्रुवारी मिळाला. महिना लहान आहे, पण मी कुरकुर केली नाही. यादी भरत आली तशी डॉटी कॉफीचं भांडं घेऊन समोर उभी राहिली.

"मला का नाही विचारलंस?"

"डॉटी, तू जेमतेम पासष्टची आहेस."

"म्हणजे मी तुझ्यासाठी एवढंही करणार नाही, असं वाटलं तुला?"

तिला डिसेंबर दिला, तेव्हा कुठे कॉफी मिळाली.

सोळा नावं, सोळा सह्या रवाना झाल्या. उत्तर आलं की अर्ज समाधानकारक आहे; तथापि ग्राहक दिलेला शब्द पाळतील, याबद्दल तज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडावं. डॉक्टरांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, त्यांचा धंदा उलट दिशेचा आहे. मग गुरांचे डॉक्टर पेनर धावून आले. त्यांनी सोळाही जणांना डॉटीच्या हॉटेलाबाहेर पदपथावरून एकदा चालवलं, दात पाहिले, आणि शिक्का मारला: 'सर्व नग अपेक्षेप्रमाणे.'

अंदाज मंजूर झाला. पत्रात 'अभिनंदन' हा शब्द होता.

त्याच टपालाने आणखी सोळा पत्रं आली. सरकारी कार्यालयं एकमेकांशी बोलत नाहीत, असं लोक उगाच म्हणतात. म्हाताऱ्यांचा विमा सांभाळणाऱ्या खात्याने फ्लिकिंगरबाईंना लिहिलं होतं: 'येत्या सप्टेंबरात होणाऱ्या आपल्या दुःखद निधनाबद्दल हे कार्यालय मनःपूर्वक सहवेदना व्यक्त करतं. आपला विमा ऑगस्टअखेर बंद करण्यात येत आहे. ही गैरसोय सहन करण्याचं बळ आपणांस लाभो.' बाईंनी लाल पेनाने त्यातल्या दोन चुका काढल्या आणि फोन फिरवला. वाचनालयातलाच फोन होता, तोही स्पीकरवर, त्यामुळे आम्ही सगळे ऐकत होतो.

"मी जिवंत आहे," बाई म्हणाल्या.

"त्याबद्दल आमची तक्रार नाही, मॅडम," पलीकडचा आवाज म्हणाला. "पण सप्टेंबर आपणच आपल्या सहीने दिला आहे."

"तो ड्वेनसाठी दिला."

"कोणासाठी मरायचं, ही आपली खाजगी बाब आहे. मत बदललं असेल तर न मरण्याचा अर्ज भरा."

आता मार्लिसच्या टेबलावर दोन गठ्ठे झाले. डावीकडे सोळा जण मरणार असल्याचा, उजवीकडे तेच सोळा जण मरणार नसल्याचा. उजवा पाठवला तर म्हाताऱ्यांचा विमा वाचतो आणि ड्वेनचा जातो. डावा ठेवला तर उलट. ड्वेन जांघेवर हात दाबून बसला होता. तो म्हणाला, "राहू दे मार्लिस. एका हर्नियासाठी सोळा माणसं बिनविम्याची करायची नाहीत."

"प्रशिक्षणात हे नव्हतं," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"रडू नकोस, फॉर्म वाच," फ्लिकिंगरबाई म्हणाल्या. "मोठ्याने. त्यात मरण कुठे लिहिलंय?"

मार्लिसने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मरण कुठेच नव्हतं. विक्री होती.

"मग दगड आत्ताच विकत घ्यायचा," बाई म्हणाल्या. "नाव घाल, जन्माचं साल घाल, पुढची जागा कोरी सोड. पैसे आगाऊ. मरायचं ते ज्याने त्याने आपल्या सवडीने मरावं. सरकारला त्याच्याशी काय करायचंय?"

इतकं सोपं होतं. न मरण्याचे सोळा अर्ज गेले, सोळा दगडांच्या पावत्या गेल्या, आणि जानेवारीत ड्वेनच्या नावाचं विम्याचं कार्ड आलं. त्याने ते डॉटीच्या हॉटेलात सगळ्यांना हाताळायला दिलं. मग तो ते घेऊन जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेला. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "छान विमा आहे. पहिले नऊ हजार तुम्ही भरायचे. त्यानंतर तो सुरू होतो."

"आणि त्याआधी तो काय करतो?"

"त्याआधी तो असतो."

नऊ हजार म्हणजे नऊ दगड. गावाने आणखी नऊ जण पुढे केले, त्यात दोघं तर पन्नाशीचीही नव्हती. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. नातीच्या लग्नात ड्वेन फ्लिकिंगरबाईंबरोबर नाचला, सावकाश.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण एप्रिलात टेकडीवरच्या दफनभूमीत दगड उभे राहू लागले, आणि व्हर्न स्टकीने आपल्या दगडावर गहू कापायचं यंत्र कोरून घेतलं. हॅरल्डने लगेच त्याहून मोठं यंत्र कोरून घेतलं, मागे धान्याची ट्रॉली जोडलेली. डॉटीने आठवड्याचं भोजनपत्रक कोरायला सांगितलं. मग ज्यांचा मरणाशी दूरान्वयेही संबंध नव्हता, तेही रांगेत आले. ज्याचा दगड नाही त्याच्या घरी काहीतरी अडचण असणार, असं लोक बोलू लागले. रविवारी चर्च सुटलं की माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन टेकडीवर जात आणि आपापल्या थडग्यापाशी सावली धरून बसत. शेजारचा दगड किती ग्रॅनाइटचा आणि किती दिखाव्याचा, यावर चर्चा होई. एका जोडप्याने घटस्फोट घ्यायचं ठरवलं होतं, पण दगड जोडीचा आणि पैसे भरलेले, म्हणून रद्द केलं.

सप्टेंबर आला आणि गेला. एक ऑक्टोबरला फ्लिकिंगरबाईंनी ड्वेनकडे डझनभर कोलाचे पाठवले. सोबत चिठ्ठी होती: 'जमलं नाही. क्षमस्व.'

मी मात्र वही पाहत होतो. "बासष्टला थांब," मी ड्वेनला बजावलं होतं. "साडेबासष्ट हजारांवर वरची रेषा आहे. ती ओलांडलीस की मदत संपली."

"गिऱ्हाईक दारात उभं आहे, त्याला काय सांगू? जाऊन जग म्हणू?"

त्रेसष्टावं गिऱ्हाईक पाद्रीबुवा होते. त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं.

नोव्हेंबरात बाजार पुन्हा उघडला, आणि आम्ही पुन्हा बी-बियाण्यांच्या अंकांशेजारी बसलो. मार्लिसने चष्मा पुसला, तेव्हाच मी ओळखलं.

"ड्वेन, या वर्षी तू मदत मिळण्याच्या मानाने फार श्रीमंत निघालास. दिलेली सगळी मदत परत करावी लागेल."

"बरं," ड्वेन म्हणाला. "दगड विकून फेडीन. पुढच्या वर्षाचं लिही."

"पुढच्या वर्षी किती विकशील?"

ड्वेनने माझ्या वहीकडे पाहिलं. गावात जो कोणी लवकर मरण्याजोगा होता, त्याचा दगड टेकडीवर उभा होता. आता उरली होती फक्त तारीख कोरायची मजुरी, माणशी चाळीस डॉलर. मी वहीत मांडून पाहिलं. गेल्या वर्षीसारखं चांगलं वर्ष गेलं आणि तेरा माणसं मेली, तर पाचशेवीस.

मार्लिसने आकडा घातला.

"तू फार गरीब आहेस," ती म्हणाली.

"एकाच दिवशी श्रीमंत आणि गरीब? असं कोणाचं होतं का?"

"यंत्र म्हणतं, तुझं झालंय."

ड्वेन उठायला गेला आणि टेबलाची कड धरून परत खाली बसला. त्रेसष्ट दगड उचलून झाले होते. डावी बाजू उत्तम होती. या खेपेला उजवीकडे सरकलं होतं.

तेव्हा आता बाहेरगावचं गिऱ्हाईक बघणं आलं. मी पत्रं लिहितो आहे. शेजारच्या जिल्ह्यातून अकरा जण मिळाले, फ्लिकिंगरबाईंच्या माहेरून चार. पंधरा झाले, सोळावी ओळ अजून कोरी आहे, आणि बाजार पंधरा जानेवारीला बंद होतो. तुम्ही इथवर वाचत आलात, मध्ये एकदोनदा हसलातही असाल. म्हणजे माणूस म्हणून तुम्ही नाही म्हणणाऱ्यांतले दिसत नाही. तारखेची काळजी करू नका, ती जागा मी कोरीच ठेवतो. नाव आणि जन्मसाल तेवढं कळवा. आणि महिना शक्यतो जून सोडून सांगा. जूनमध्ये आमच्याकडे गहू असतो, कोणाला यायला जमणार नाही.