सासऱ्यांच्या माशीला दात

खोटे दात बनवावेत तर मीच! माझ्या कॅपा घालून लोक अक्रोड फोडतात. त्यामुळे सासरेबुवा जेव्हा "आता नेमबाजी बंद!" म्हणत तोंड पाडून बसले, तेव्हा मी छाती पुढे काढली.

दुखणं साधं होतं. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो इवलासा उंचवटा असतो ना, त्याला माशी म्हणतात. माशी काळी, निशाणही काळं. वयोमानाने त्यांना काळ्यावर काळं दिसेना. रविवारी क्लबात ज्येष्ठांची स्पर्धा, आणि हे घरात बसून सासूबाईंच्या भाजी चिरण्यातल्या चुका काढतायत!

"बाबा, माशीला मी पांढरीशुभ्र टोपी करतो. अगदी दातासारखी!"

"जमेल, जावईबापू?"

"माशी सोडा, हत्तीलाही बसवीन!"

"आधी ओट्यावरच्या माशांचं बघा!" सासूबाई आतून ओरडल्या.

रिव्हॉल्व्हर क्लबात कुलूपबंद असायचं. तिथली हत्यारं सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी ते रिकामं असल्याचं दाखवलं, मी माप घेतलं आणि टोपी घडवली. रविवारी सकाळी दोन सारख्या डब्या घेऊन निघालो. एक मिस्त्रींच्या हातात ठेवली. दुसरीत एका सूत्रसंचालकाचा पुढचा दात होता, ती त्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोचवली. घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन!

"अहो, हा दात आहे की खिळ्याचं टोपण?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. मागून आवाज आला, "थंध्याकाळी कार्यक्रम आहे हो माझा! थभागृह भरलंय!"

डब्यांची अदलाबदल! क्लबात फोन लावला, कुणी उचलेना. चप्पल घालायचंही भान नव्हतं, तसाच दवाखान्यात गेलो, टोपी उचलली आणि क्लबाकडे धूम ठोकली. पोचतो तर आतून "ठो!"

बार थांबल्यावर मिस्त्रींनी मला आत घेतलं. "टोपी जरा रुंद होती बरं का. पण खाली कागद घातला आणि बसली गच्च!"

नळीच्या टोकावर सूत्रसंचालकांचा दात ऐटीत चमकत होता.

"बाबा, काढा तो! दुसऱ्याचा आहे!"

बाबांनी रिव्हॉल्व्हर रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि वळले. डोळे भरून आले होते. "दिसतं हो जावईबापू! कितीतरी दिवसांनी माशी वेगळी दिसली, निशाण वेगळं दिसलं!"

आता सांगा, अशा माणसाचा दात कसा उपटायचा? मी गुपचूप बाहेर आलो, डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली आणि दुपारभर बसून नवा दात घडवला. पडदा उघडायच्या आत तो सूत्रसंचालकांच्या तोंडात बसला. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आलो तर बाबा शीळ घालत भांडी पुसत होते.

"कितवे आलात?"

"शेवटून दुसरा!" त्यांनी अशा थाटात सांगितलं की सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो तर दारात क्लबातले तीन आजोबा! "आम्हालाही पुढचा दात हवा!"

मी खूश! तिघांनाही खुर्च्यांवर बसवलं, तोंडं उघडायला लावली. एकाच्याही तोंडात पुढचा दात नव्हता! मी लगबगीने मापाचा साचा पुढे केला.

"अहो, इथे नको!" त्यातले थोरले मला झिडकारत म्हणाले. "तोंडाने कुठे नेम धरायचाय!"